मागचे दार

आपल्या सोलापुरात विमानतळ म्हटले की वर्षानुवर्षे वाद एकच, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा. जून २०२३ मध्ये ती पाडली आणि ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरून गोव्याचे विमान उडाले. धोका म्हणजे लांबून दिसणारी वस्तू, अशी तोवर आपली समजूतच झाली होती.

पुढे आम्हीही गोव्याला गेलो. तपासणीत आईच्या पिशवीतली शिवणाची कात्री काढून घेतली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आपली झडती घेतात ते बरेच आहे रे. पण यांच्यासारखाच वेश करून कुणी मागच्या दाराने आला तर?"

मला कराची आठवली. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून गेलेले पॅन ॲमचे विमान तेथे उभे होते. सुरक्षारक्षकांच्या वेशातले बंदूकधारी, विमानतळाचीच वाटावी अशा गाडीतून थेट शिडीपाशी आले. झडतीच्या रांगेशी त्यांचा संबंधच आला नाही! नीरजा भनोत त्यात गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

सामान चढविणारे, झाडलोट करणारे, जेवण पोचविणारे ज्या दाराने आत जातात तेथे ओळखपत्रावरचा चेहरा कुणी निरखून पाहतो का? आमच्या गल्लीत तिकिटाचा दर सगळ्यांनी विचारला. हे मात्र आईखेरीज कुणी विचारलेले माझ्या कानावर आले नाही.