माझी तर उत्तम चालते!

आमचे कोल्हापूरचे साडू अप्पासाहेब आणि मी यांच्यात तीन गोष्टी समान आहेत : सासरे, चष्म्याचा नंबर आणि मोटार. पहिली दैवाने दिली, दुसरी वयाने; तिसरी मात्र आम्ही आपण होऊन ओढवून घेतली. २०२१ च्या दसऱ्याला दोघांनी एकाच मॉडेलची, एकाच पांढऱ्या रंगाची गाडी नोंदवली. त्या वर्षी जगभर चिपांचा दुष्काळ होता. गाड्यांचे सांगाडे तयार, पण नखाएवढ्या चिपसाठी कारखाने खोळंबलेले. माझी गाडी पुण्यात दिवाळी सरता सरता आली. अप्पासाहेबांची यायला पुढचा गुढीपाडवा उजाडला. या पाच महिन्यांच्या अंतराचा अर्थ मी एवढाच घेतला की, माझा नंबर आधी लागला. आणि तो चारचौघांत सांगितलाही.

या गाडीला पुढे मधोमध एक पडदा आहे. रेडिओ त्यात, नकाशा त्यात, फोन त्यात, आणि गाडी मागे घेताना मागचे अंगणही त्यातच दिसते. पूर्वी मोटार बिघडली म्हणजे धूर निघे, निदान खडखडाट तरी होई. हा पडदा रुसतो तो मुकाट्याने. दीडेक वर्षाने त्याला एक खोड लागली. रस्ता सांगणारी बाई ‘पुढे दोनशे मीटरवर’ एवढे म्हणून गप्प व्हायची. वळायचे कुठे ते आपण ओळखायचे. दोन्ही गाड्यांना खोड तीच, त्यामुळे आम्हां साडूंना फोनवर बोलायला एक कायमचा विषय मिळाला.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर निरोप आला : नवे सॉफ्टवेअर आले आहे, ‘किरकोळ सुधारणा’. मी बटण दाबले. पडदा काळा झाला, एक रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली आणि अर्ध्या तासाने ती बाई खणखणीत आवाजात बोलू लागली. मी त्याच संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावला.

“अप्पासाहेब, डोळे मिटून करून टाका. माझी तर उत्तम चालते!”

अप्पासाहेब स्वभावाने सावध. त्यांची पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहण्यात गेली. पण ते म्हणाले, “तुम्ही म्हणता, तर करतो.”

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बाई आता मुळीच बोलत नव्हती. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणे मेली होती. “आणि काल मागच्या कॅमेऱ्याचे चित्र जरा अडकल्यासारखे झाले हो,” ते म्हणाले.

यावर मी जे बोललो ते इथे लिहिताना अजून लाज वाटते. मी म्हणालो, “अहो, माझे नाही अडकत. तुम्ही गिअर घाईने टाकत असाल.”

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला.

भाऊबीजेला आम्ही सगळे वाईला सासऱ्यांकडे जमलो. मामा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे, कानांनी अधू. सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात पारिजातकाखाली बसून फुले वेचायची हा त्यांचा नेम. अप्पासाहेब बाजारात जायला निघाले आणि गाडी मागे घेऊ लागले. मी ओसरीवर चहाचा कप घेऊन उभा होतो. गाडीत टूं टूं आवाज सुरू झाला. मागे काही आल्याची वर्दी देणारे हे सेन्सर आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, आणि ते आपले काम चोख बजावीत होते. पण पडद्यावर अंगण मोकळे होते. ते चित्र काही क्षणांपूर्वीचे होते आणि तिथेच थिजले होते. आवाज होतो आहे तो तुळशीवृंदावनामुळे, असे अप्पासाहेबांना वाटले. डोळ्यांनी कानांना खोटे पाडले.

“बाबा, थांबा!” त्यांची मुलगी किंचाळली.

गाडी थांबली तेव्हा बंपर आणि मामांची पाठ यांच्यामध्ये वीतभर अंतर होते. मामांना काहीच कळले नव्हते. ओंजळीतली फुले सांभाळीत ते सावकाश उठले, वळले आणि म्हणाले, “काय जावईबापू, एवढ्या सकाळी कुठे?”

अप्पासाहेब खाली उतरून पायरीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. ते मला चार शब्द बोलले असते तर बरे झाले असते.

दुपारी त्यांच्या मुलीने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासण्याचेच काम करते. दोन्ही पडद्यांवर तिने माहितीचे पान उघडले. सॉफ्टवेअरचा आकडा दोन्हीकडे तोच होता. पण त्याखाली, पडद्यामागच्या डब्याचा जो नंबर असतो, त्याचे शेवटचे अक्षर निराळे होते.

“काका, या बाहेरून जुळ्या आहेत, आतून नाहीत,” ती म्हणाली. “टंचाईच्या दिवसांत अनेक कारखान्यांनी एक चिप मिळेना तेव्हा दुसरी बसवून गाड्या पुढे काढल्या. तुमची गाडी आधीची, बाबांची पाच महिन्यांनंतरची. शिवाय तुमचा फोन वेगळा, बाबांचा वेगळा. आणि फोनची स्वतःची अपडेट्स येतात ती निराळीच. बाबांच्या गाडीत तर घरातल्या सगळ्यांचे जुने फोन अजून नोंदलेले आहेत. जुनी वही तशीच ठेवून नवा कारकून आला की कधी कधी हिशेब जुळत नाही, तसे होते हे.”

“पण कंपनी हे तपासून पाहत नाही?”

“पाहते. आणि पुष्कळ कंपन्या सगळ्यांना एकदम न देता आधी थोड्या गाड्यांना देऊन बघतात. पण प्रत्येकाच्या गाडीत काय काय जमले आहे, ते सगळे कोण तपासणार?”

मग तिने सिएटलची हकीगत सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या त्या शहरात माझ्दाच्या २०१४ ते २०१७ सालच्या काही गाड्यांचे रेडिओ ९४.९ या एकाच केंद्रावर अडकून बसले. केंद्राने कार्यक्रमाबरोबर जी चित्रे पाठवली होती, त्यांच्या नावांना फाइलची जात सांगणारे शेपूट नव्हते. तेवढ्याने पडदे पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. जे लोक ते केंद्र ऐकत नव्हते, त्यांची तीच गाडी मात्र सुखात होती.

“तेही म्हणाले असतील, माझी तर उत्तम चालते!” भाची हसली. मला हसू आले नाही.

२०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने १५६ क्रमांकाचा एक नियम मंजूर झाला आहे. तो स्वीकारणाऱ्या देशांत, कोणत्या गाडीत कोणते सॉफ्टवेअर गेले याची नोंद कंपनीने ठेवायची असते. आणि अपडेट कशासाठी आहे, त्याने गाडीत काय बदलणार, हे मालकाला आधी सांगायचे असते. ‘किरकोळ सुधारणा’ या दोन शब्दांत एवढे सगळे मावत नाही, हे आम्ही वाईच्या अंगणात शिकलो.

अप्पासाहेबांची गाडी दुरुस्त झाली. भाचीने जुने फोन काढून टाकले, तेव्हा बाई बोलू लागली. कॅमेऱ्यासाठी मात्र सर्व्हिस सेंटरच्या तीन खेपा झाल्या. अखेर त्या डब्यासाठीचे वेगळे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून घातले, तेव्हा चित्र हलू लागले. तोवर महिनाभर त्यांनी गाडी मागे घेताना पडद्यावर रुमाल टाकला होता.

भाऊबीजेच्या त्या रात्रीच ओसरीवर मी त्यांची माफी मागितली. सॉफ्टवेअरची चूक कंपनीची होती. पण ‘गिअर घाईने टाकत असाल’ हे वाक्य माझे होते. माझी गाडी बरी झाली हे खरे, तशी त्यांची बिघडली हेही खरेच होते. एका गाडीचा अनुभव मी सगळ्या गाड्यांचा कायदा करून त्यांच्या हाती दिला, आणि तो लागू पडेना तेव्हा दोष माणसाला दिला. अप्पासाहेब एवढेच म्हणाले, “सही जुळत होती हो. खातेच दुसऱ्याचे निघाले.”

आता आमच्या दोघांकडे एकेक वही आहे. अपडेटच्या आधीचा आकडा, नंतरचा आकडा, काय सुधारले, काय बिघडले, सगळे तारखेनिशी त्यात उतरते. अपडेट झाले की फोन पुन्हा नव्याने जोडायचे, आणि कॅमेरा आधी मोकळ्या मैदानात पाहायचा. पडद्यावर काही का दिसेना, आरसे पाहिल्याशिवाय आणि मान वळवून मागे बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

परवा पुन्हा पडद्यावर निरोप आला. संध्याकाळी कोल्हापूरचा फोन.

“तुम्ही केलेत का?”

“केले. माझी तर...” एवढे बोलून मी जीभ चावली.

पलीकडून अप्पासाहेबांचे हसू ऐकू आले. “सांगा, सांगा. थांबा, आधी वही घेतो.”