न्यूट्रल

नगरच्या डीएसपी चौकात संध्याकाळची गर्दी तुंबली होती. शेजारी एक स्प्लेंडर येऊन थांबली. वर पन्नाशीचा गृहस्थ, डोक्याला काळं हेल्मेट, काच खाली, मागच्या कॅरिअरला रिकामी पिशवी सुतळीनं करकचून बांधलेली. माणूस बोलत होता. फोनवर असेल म्हणून मी नीट पाहिलं, तर कानात वायर नाही, हेल्मेटात कोंबलेला मोबाइलही नाही. मधूनच क्लचवरचा हात उचलून तो कुणाला तरी काही पटवून देत होता. "तसं नाही साहेब," एवढं काचेतून बाहेर आलं. मग गाड्या सुटल्या आणि तो आपल्या साहेबाला घेऊन संभाजीनगर रस्त्याला लागला.

मला त्याचं हसू आलं नाही. हेवा वाटला. साहेबाचं तोंड बंद करून त्याला पार घरापर्यंत ऐकवत न्यायचं, हे सुख ऑफिसात कुणाला मिळतं?

आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, म्हणून लोक लांबून बघायला येतात. बाकीच्या गावांत दारं आहेत, पण ती लावून घ्यायची सोय नाही. दिवसाढवळ्या खोलीचं दार लावलं की दोन मिनिटांत कुणी तरी हाक मारतं, "काय रे, बरं नाही का?" दोन खोल्यांत सात माणसं, मधे टीव्ही, ओट्यावर आजी. अशा घरात माणसानं चिडायचं कुठं, रडायचं कुठं, नुसतं गप्प बसायचं तरी कुठं? भिंतीकडे बघत बसलात तर त्याचीही चौकशी होते. पण "जरा चक्कर मारून येतो" म्हणत किल्ली उचलली की कुणी काही विचारत नाही. फार तर "येताना दूध आण" म्हणतात.

माझा मामा पाथर्डी तालुक्यातला, ऊसतोडीचा मुकादम. त्याच्याकडे राजदूत होती, 175 सीसीची, टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागायचं ती. मुकादमकी म्हणजे काय, ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना सांगायला नको. कारखान्याकडून उचल घ्यायची, दसऱ्याच्या आधी ती कोयत्याकोयत्याला वाटायची (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी) आणि दिवाळी झाली की टोळी घेऊन कारखान्याचा फड गाठायचा. एखादा कोयता उचल घेऊन ऐन वेळी दुसऱ्याच मुकादमाबरोबर निघून गेला, की ते पैसे मुकादमाच्या बोकांडी. कारखाना टोळीला ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. त्या दिवसांत मामा रात्री अंगणात बाजेवर उठून बसलेला दिसायचा. विडी पेटवायचा आणि ओढायला विसरायचा. घरात तो बोलत नसे. मुलांवर ओरडतसुद्धा नसे, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटे.

सुट्टीत कधी कधी तो मला मागं बसवून नगरला नेई. कामाच्या ठिकाणी मला बाकावर बसवायचा आणि आतल्या खोलीत जायचा. बाहेर आला की चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. मग चितळे रोडला काही तरी खायला घालायचा आणि ऊन कलताना आम्ही परत निघायचो. भिंगार मागं पडलं की डोंगरावर चांदबीबीचा महाल. ती कबर सलाबतखानाची आहे आणि चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला फार पुढं कळलं; मामा मेला तरी ते मानायला तयार नव्हता. पुढं मेहेकरी, कौडगाव, आणि मग करंजी घाट.

घाटाच्या तोंडाशी मामा गाडी न्यूट्रल करायचा आणि किल्ली फिरवून बंद करायचा. पेट्रोल वाचतं म्हणून, असं सगळेच सांगतात. मामाचं कारण वेगळं होतं. टू-स्ट्रोक गाडी उतारावर रेस मिटून गिअरमध्ये उतरवली तर आत तेल पोचत नाही, त्यापेक्षा बंद बरी, असं त्याला एका मिस्त्रीनं सांगितलं होतं. ते बरोबरही होतं. ब्रेक तापायचे ते मात्र तो धरत नसे. चौथ्या-पाचव्या वळणानंतर चाकातून जळका वास यायला लागे. आज कुणी असं करत असेल तर मी त्याच्या मागं बसणार नाही.

पण इंजिनाची ती फटफट एकदम थांबल्यावर जे व्हायचं, ते दुसरीकडं कुठं झालेलं मला आठवत नाही. कानांत आधी नुसता बधिरपणा. मग चेनचा किरकिर आवाज, टायरखाली खडीची करकर, वाऱ्यानं मामाच्या सदऱ्याची फडफड. दरीतून शेळ्यांमागच्या पोराची शीळ. आणि मग मामा बोलायला लागायचा. मोठ्यानं, समोर बघत. माझ्याशी नव्हे.

"बाराचे दहा झाले. दोघांचे पैसे कुठून भरू मी? कुठून भरू? घर दाखवलं तर घर घ्या म्हणाव. पत्र्याचं हाये, घ्या."

वळण आलं की थांबायचा. वळण संपलं की पुढं चालू. एकदा त्यानं टोळीतल्या सगळ्यांची नावं घेतली, एकामागून एक, पळालेल्यांचीसुद्धा, आणि पळालेल्यांना शिव्या न देता. एकदा माझ्या मेलेल्या आजोबांना हिशेब दिला. एकदा नुसताच हसला. मी मागं पिशवी पोटाशी धरून गप्प बसायचो. लहान मुलाला एवढं कळतं, की हे आपल्याला ऐकू येत नाही असं धरून चालायचं. आता वाटतं, मी मागं नसतो तर तो आणखी काय काय बोलला असता. आणि असंही वाटतं, की कदाचित मी होतो म्हणूनच बोलत होता.

घाट संपून करंजी दिसायला लागली, की तो दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. गाडी हिसका देऊन चालू व्हायची, निळा धूर निघायचा आणि मामाचं तोंड बंद. तिसगावला चहा. चहाला बसलेला माणूस निराळा असायचा. हॉटेलवाल्याची थट्टा करायचा, मला बशीत चहा ओतून द्यायचा. घरी पोचल्यावर मामी पाण्याचा तांब्या पुढं करताना त्याच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायची आणि मला विचारायची, "घाटात काय म्हणले रं?" म्हणजे तिला माहीत होतं. मी म्हणायचो, काही नाही.

फार वर्षांनी, मामा गेल्यावर, मामी म्हणाली होती, "त्यांना गाडी होती. आम्हाला जातं होतं, ते गिरणीनं नेलं."

ते वाक्य मला कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त पुरलं. पहाटेच्या अंधारात, हात खुंट्याला गुंतलेले, घरघर अशी की पलीकडच्या माणसाला शब्द धड कळत नाहीत, आणि त्या घरघरीच्या आडून सासू, नवरा, माहेर, मेलेलं मूल, सगळं बोलून घ्यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या; तो साठा एक लाखाच्या वर आहे. एवढं बोलायचं साठलेलं होतं! गिरण्या आल्या, कष्ट वाचले, हे चांगलंच झालं; जात्याचे गोडवे बहुतेक करून ज्यांनी कधी दळलं नाही तेच गातात. पण हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, ही बसण्याची जागा बायकांच्या हातून गेली. बाप्यांना निदान मोटारसायकल मिळाली.

आणि ती थोडीफार आमच्याच गावानं दिली. नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की कायनेटिकचा कारखाना. फिरोदिया घराणं नगरचंच. 1972 साली त्यांची लूना आली, 50 सीसीची, पायडल असलेली, कारकुनाला आणि मास्तराला झेपेल अशी. लूना बंद पडली की पायडल मारत घरी जाता येई, हा तिचा मोठेपणा मोठ्या गाड्यांना कधी आला नाही. 2024 च्या फेब्रुवारीत ती विजेवर चालणारी होऊन परत आली.

त्याच दौंड रस्त्यावर पुढं अरणगावजवळ मेहेराबाद. 10 जुलै 1925 ला मेहेरबाबांनी तिथं मौन धरलं आणि 1969 च्या जानेवारीत देह ठेवला तोवर सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलायचे. 1954 साली तीही बाजूला ठेवली, नंतर नुसत्या खुणा. एकाच रस्त्यावर काही मैलांच्या अंतरात फटफटणारी लूना आणि जवळजवळ चव्वेचाळीस वर्षांचं मौन, याचा अर्थ लावायला मला जमलेलं नाही, आणि लावलाच पाहिजे असंही नाही. मेहेराबादच्या टेकडीवर बाबांच्या समाधीजवळ बसलं की खाली हायवेवरचे ट्रक ऐकू येतात आणि त्यांचा त्रास होत नाही, इतकंच मला ठाऊक आहे.

गाडी चालवल्यानं मन हलकं होतं, हे आता शास्त्रानंही सांगितलं आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अनुभवी चालकांच्या डोक्याला तारा लावून त्यांना वीस मिनिटं मोटारसायकलवर फिरवलं. हृदयाचे ठोके वाढले, लक्ष एकाग्र झालं, आणि ताणाच्या संप्रेरकांचं मोजमाप 28 टक्क्यांनी उतरलं. पैसे हार्ले-डेव्हिडसनचे. त्याच्या दहा वर्षं आधी, 2009 साली, जपानात तोहोकू विद्यापीठाच्या र्‍यूता कावाशिमा यांनी परवाना आहे पण दहा वर्षं गाडीला हात लावलेला नाही अशा चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना दोन महिने रोज गाडी चालवायला लावली. त्यांची स्मरणशक्ती सुधारली, मनावरचा ताणही कमी झाला. पैसे यामाहाचे. मामाचा निष्कर्ष यांच्या किती तरी आधीचा, आणि राजदूतवाल्यांनी त्याला एक रुपया दिला नव्हता.

त्या चालकांना श्रीगोंद्याच्या रस्त्यावर जानेवारीत रात्री आठ वाजता सोडायला हवं होतं. समोर उसाची जोडट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, रस्त्यावर पडलेली उसाची मोळी, आणि रंग न मारलेला गतिरोधक. लक्ष एकाग्र होतं, यात शंकाच नाही. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. मोकळं व्हायला निघालेलं माणूस या आकड्यात किती सहज जमा होतं, ते आमच्या भागातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. म्हणून रागाच्या भरात गाडीला किक मारणाऱ्याच्या हातातून मी किल्ली काढून घेतो. आधी पाणी पी, मग जा. आणि ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, त्याला गाडीची चक्कर पुरत नाही. त्यानं डॉक्टर गाठावा, निदान 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन तरी लावावा. सरकारी आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज स्कूटीवर जाऊन येऊन करतात. सनकोट, हातमोजे, डोळ्यांपुरता उघडा स्कार्फ आणि वर हेल्मेट. रस्त्यात समोर आल्या तर सख्ख्या दिराला ओळखू येणार नाहीत. त्यांना विचारलं, एवढ्या रस्त्याचा कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "भाऊजी, तेवढाच तर वेळ आहे. जाताना मी मास्तरीण नसते नि येताना सून नसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि केंद्रप्रमुखांना जे बोलायचं राहतं, ते ओढ्याच्या पुलापर्यंत बोलून होतं." पुढं जवळच्या शाळेवर बदली मागायची संधी आली, तेव्हा त्यांनी अर्ज भरला नाही. घरी कारण पगाराशी जोडून सांगितलं.

माझं म्हणाल तर रस्ता मी मनाचा रंग बघून धरतो. नुसती चिडचिड असली तर पिंपळगाव माळवीवरून डोंगरगण आणि वांबोरी घाट; जवळचा आहे आणि तळ्याच्या काठानं जातो. पैशाची काळजी असली तर कल्याण रस्ता, भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, पुढं आणे पठार. तिथं माळ इतका मोठा की कुठलीही रक्कम लहान वाटते. पुणे रस्ता नको. सुप्याजवळच्या पवनचक्क्या छान दिसतात, पण कंटेनरवाले त्या बघू देत नाहीत. जामखेड रस्त्याबद्दल चांगलं काही सुचलं की लिहीन.

आणि खरंच काही तुटलं असेल तर अकोले, राजूर, भंडारदरा. 1926 साली पूर्ण झालेलं ते विल्सन धरण, आणि धरणाच्या पाण्याभोवतीनं रतनवाडी, साम्रद, घाटघर असा फिरणारा रस्ता. तिथं गाडी पळवता येत नाही, आणि तेच त्याचं औषध. मात्र मे-जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवारी जाऊ नये. अंधारात लुकलुकणारे किडे बघायला शेकडो गाड्या हेडलाइट लावून येतात आणि काजवे कुठं गेले म्हणून एकमेकांना विचारतात. भाद्रपदातला कुठलाही कामाचा वार चांगला. रेनकोट जवळ ठेवावा. पेट्रोल अकोले गावातच भरून निघावं. पुढं दुकानात बाटलीतलं मिळतं, पण त्यात रॉकेल किती, ते विकणाराच जाणे.