गप्प झालेला टॅपेट

२०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या गाडीचा आवाज गोड झाला. होंडाची सीबीआर २५०आर, तेव्हा नऊ वर्षं माझ्याकडे असलेली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की हेडमधून जी बारीक टिकटिक यायची, ती जवळजवळ थांबली होती. मला बरं वाटलं. ऑइल नुकतंच बदललं होतं, त्याचाच हा गुण असं मी धरून चालले. फक्त एक गोष्ट खटकत होती. पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी आता दुसऱ्या-तिसऱ्याला सुरू व्हायची.

कोल्हापुरात उद्यमनगरात ज्यांच्याकडे मी गाडीचं काम शिकले, त्या मामांच्या कानावर हे घातलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "आवाज गेला म्हणून खूश हुयाचं न्हाई, पोरी. टॅपेट वाजतंय तवर बरं असतंय. गप्प झालं की उघडून बघायचं."

त्या एका वाक्याने माझी समजूत उलटी केली. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कागदाएवढी फट राखलेली असते, कारण धातू तापला की लांबतो. माझ्या इंजिनात ही फट थंड असताना इनटेकला ०.१६ आणि एक्झॉस्टला ०.२७ मिलिमीटर हवी, ०.०३ इकडेतिकडे चालते. गाडी धावत राहते तसा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत झिजत वर सरकतो आणि फट कमी होत जाते. फट कमी म्हणजे ठोका कमी, म्हणजे आवाज कमी. शेवटी अशी वेळ येते की तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या क्षणी बैठकीला देऊन टाकतो. मिटायलाच मिळालं नाही, तर तो आपल्याच उष्णतेने जळतो. कानाला जे सुख वाटत होतं, ते इंजिनाच्या घशात अडकलेलं दुखणं होतं.

हे काम माझं मीच करायचं ठरवलं. त्याकडे येतेच. पण या गाडीशी माझं नातं कसं आहे, ते आधी सांगायला हवं, कारण तिथे मी एक मोठी चूक केली होती.

स्पोर्ट टूरर ही दोन इच्छांची गाडी आहे. वळणावर ती झुकली पाहिजे, आणि चारशे किलोमीटरनंतर उतरताना माणूस ताजा राहिला पाहिजे. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं तिचं फेअरिंग दिसायला देखणं होतंच, पण त्याचं खरं काम चालवणाऱ्याच्या छातीवरचा वारा अडवण्याचं होतं. माझी सीबीआर आकाराने तिच्या नातवंडांत शोभेल: एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, १३ लिटरची टाकी, सहा गिअर. २०११ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिच्या फेअरिंगचे थर होंडाच्याच मोठ्या व्हीएफआर १२००ची आठवण करून द्यायचे. २०२० मध्ये बीएस-६चे नियम आले आणि आपल्या बाजारातून ती गेली. त्यानंतर तिचा प्रत्येक सुटा भाग मी जपून वापरते.

नवी गाडी अंगवळणी पडली की माणसाला तिच्यात भर घालावीशी वाटते. मलाही वाटली. हायवेवर सहाव्या गिअरमध्ये इंजिन जरा जास्त फिरतं असं वाटायचं, म्हणून पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवला, १४ चे १५ केले. मागे ३८. बंगळूरच्या रस्त्यावर फार छान वाटलं. इंजिन निवांत, हातातली थरथर कमी. मग धाकट्या बहिणीला मागे बसवून, दोन बॅगा लादून, वैभववाडीहून गगनबावड्याकडे करूळ घाट चढायला लागलो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हायची आणि पहिल्यात किंचाळायची. घाटासाठी बनवणाऱ्यांनी जो मधला गिअर ठेवला होता, तो मी एका दातासाठी घालवून बसले होते.

त्याहून वाईट गोष्ट मागाहून लक्षात आली. या गाडीत वेग मोजणारा सेन्सर चाकावर नाही, गिअरबॉक्सपाशी आहे. चाक आणि गिअरबॉक्स यांचं नातं मी बदललं, पण मीटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. गाडी हजार किलोमीटर धावली की मीटरवर साधारण ९३३ उमटायचे. म्हणजे मीटरवर दिसायचा त्यापेक्षा माझा वेग जास्त होता, आणि ऑइल, चेन, टॅपेट ही सगळी कामं मी मीटर बघून करत असल्याने तीही उशिरा होत होती. दीड वर्ष. मामांना सांगितल्यावर ते रागावले नाहीत. "एक बोल्ट हलवलास की त्यानं धरलेलं सगळं हलतंय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी १४ चं स्प्रॉकेट परत बसवलं.

तेव्हापासून माझा एक क्रम आहे. गाडीत काही कमी वाटलं, तर ते गाडीत मुळातच नव्हतं की होतं आणि निघून गेलं, हे आधी शोधायचं. दहापैकी आठ वेळा ते निघून गेलेलं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या पार्किंगमध्ये पंचगंगेचं पाणी आलं. गाडी हबच्या वर बुडाली होती. पाणी ओसरल्यावर सेल्फला हात न लावता आधी ऑइल काढलं. नशिबाने ते स्वच्छ होतं, दुधाळ झालं नव्हतं. चाकांची बेअरिंग बदलली, कॅलिपर उघडून धुतले, वायरिंगचे जोड एकेक सोडवून वाळवले. गाडी चालू झाली, मी निश्चिंत झाले. पण पुढच्या वर्षभरात मागचा शॉक कडक होत गेला. खड्डा आला की सरळ पाठीच्या कण्यात. मी नव्या, महागड्या शॉकचे पैसे साठवायला लागले होते.

या गाडीत मागचा शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला नाही. मध्ये प्रो-लिंक नावाची जोडणी आहे, दोनतीन सांध्यांची, चाकाच्या पुढे अगदी खाली. चिखल, पाणी, चेनचं उडालेलं तेल, सगळं तिच्यावरच पडतं. सर्व्हिसिंगमध्ये तिच्याकडे क्वचितच कुणी बघतं, कारण ती दिसतच नाही. मी पिना ठोकून बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्यावर पुरातल्या गाळाची तांबूस पूड होती आणि ग्रीसचा मागमूस नव्हता. पिना घासल्या, त्यातली एक उद्यमनगरातच लेथवर नवी करून घेतली, सांधे ग्रीसने भरले. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारली. तोच शॉक, तोच रस्ता, आणि मागचं चाक खड्ड्यात उतरून वर येताना जाणवत होतं, आदळत नव्हतं. मला डोळे भरून आल्यासारखं झालं. पैशाची बचत बाजूलाच राहू द्या. बनवणाऱ्याने ठेवलेली एक गोष्ट मी वर्षभर गाळाखाली ठेवली होती आणि दोष शॉकला देत होते.

सामान लादून लांब जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की शॉक बदलण्याआधी त्याची बैठक मोजा. मागचं चाक उचलून एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या, मग गाडी खाली ठेवून, प्रवासात घालता ते जाकीट घालून, सामान बांधून वर बसा आणि पुन्हा मोजा. चाकाच्या एकूण हालचालीतला साधारण पाव ते तिसरा हिस्सा तुमच्या वजनाने दबला पाहिजे. त्याहून फार जास्त दबत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवा. एक पाना आणि दहा मिनिटं पुरतात. अनेक गाड्या दुकानातून निघताना ज्या खाचेवर असतात, त्याच खाचेवर म्हाताऱ्या होतात.

नव्याला माझा विरोध आहे असं मात्र नाही. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, मी खरोखरच बदलला, आणि तो मूळच्यापेक्षा चांगला घातला. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी किंचित चाचपडत चालायची. मी टायरवर संशय घेतला, पुढचा टायर बदलला, चाचपडणं तसंच. मामांनी पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल माझ्या दोन बोटांवर देऊन सावकाश फिरवायला लावलं. बरोबर मध्यावर हँडल एका खाचेत बसलं. खड्ड्यांचे घाव सरळ चालताना येतात, म्हणून बॉल त्याच जागी रेसवर आपटत राहतात आणि तिथे बारीक खळगे पाडतात. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुण्याची माझी हौसही याला कारणीभूत होती, कारण त्याने ग्रीस वाहून जातं. बॉल रेसला एका ठिपक्यावर टेकतो, मी घातलेला टेपर रोलर एका रेषेवर टेकतो. भार वाटला जातो, खळगे उशिरा पडतात. ही भर गाडीने मनापासून स्वीकारली. वरचा खाचांचा नट कसायला योग्य पाना नव्हता, तेव्हा मामांनी जुन्या पाइपच्या तुकड्याला चार दात कापून एक सॉकेट करून दिलं. आजही ते माझ्या डब्यात पहिल्या जागेवर असतं.

दिव्याचंही तसंच. गाडीत ६०/५५ वॉटचा एक एच-४ बल्ब. प्रकाश कमी पडतो म्हणून लोक शंभर वॉटचे बल्ब घालतात, मग रिफ्लेक्टर जळतात आणि समोरून येणाऱ्याला आंधळं करतात. मी मीटर लावून पाहिलं, तर बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट होते आणि बल्बपाशी साडेअकरा. बारीक तारा आणि जुना स्विच मधल्या मध्ये दोन व्होल्ट गिळत होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. एवढ्या तफावतीत चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड जातो. बॅटरीपासून जाड तार आणि मध्ये रिले. बल्ब तोच ठेवला. पावसात फोंडा घाट उतरताना पांढरी पट्टी पुन्हा दिसायला लागली.

ब्रेक ऑइलबद्दल एकच. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात तर फारच. डॉट-४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. मुरलेल्या पाण्यासह हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या शेवटच्या वळणावर लिव्हर मऊ लागणं मला कधी अनुभवायचं नाही, म्हणून दर दोन वर्षांनी, ते कितीही स्वच्छ दिसो, बदलते.

आता टॅपेट. फट मोजायला इंजिन पूर्ण थंड लागतं, पस्तीस अंशांच्या खाली. मी रात्रीच सीट, टाकी आणि दोन्ही बाजूंचं फेअरिंग उतरवून ठेवलं. फेअरिंगचे बोल्ट दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात. लांब बोल्ट चुकीच्या जागी कसला की आतलं प्लास्टिक फुटतं. म्हणून ते मी आईच्या जुन्या इडलीपात्रात, उतरवल्या क्रमाने, एकेका खळग्यात ठेवते. पहाटे साडेपाचला हेडचं झाकण काढलं. आतून ऑइलचा उबदार वास आला, इंजिन थंड असूनही.

पिस्टन वरच्या टोकाला आणून फिलर गेजची पट्टी फटीत सरकवली. योग्य फटीत पट्टी नव्या वहीच्या दोन पानांमधून टीपकागद ओढावा तशी येते, किंचित धरून. इनटेक ०.१५ आणि ०.१६. ठीक. एक्झॉस्टमध्ये ०.२७ ची पट्टी शिरलीच नाही. ०.२४, नाही. डावीकडे ०.२२ वर आली, उजवीकडे ०.२० वर. मी तशीच खाली बसून राहिले. ही गाडी घेऊन मी आठवड्यापूर्वीच मालवणला जाऊन आले होते.

या इंजिनाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात रोलर रॉकर आहेत, म्हणून शिम, म्हणजे फट ठरवणारी छोटी चकती, बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागत नाही. रॉकर बाजूला सरकवायचा आणि चुंबकाच्या काडीने शिम उचलायची. कुणीतरी आराखडा काढताना, वर्षांनंतर कुठल्याशा पार्किंगमध्ये पाना घेऊन बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता. कॅम चेनच्या पोकळीत आधी स्वच्छ फडकं कोंबलं. तिथे शिम पडली तर इंजिनच उघडावं लागतं. उजव्या एक्झॉस्टची शिम मायक्रोमीटरवर १.७७५ भरली. तिच्यात सापडलेली फट मिळवायची आणि हवी ती वजा करायची: १.७७५ अधिक ०.२० उणे ०.२७, म्हणजे १.७०५. शिमा ०.०२५ च्या पायरीने मिळतात, म्हणून १.७००. डावीचाही असाच हिशेब मांडला.

शिम दगडावर घासून पातळ करावी का, असं मी मामांना फोनवर विचारलं. ते चटकन "नको" म्हणाले. वरचा कडक थर जातो आणि पृष्ठभाग सपाट राहत नाही. त्यांच्याकडच्या डब्यात दुसऱ्या गाड्यांच्या, त्याच व्यासाच्या शिमा होत्या. दुपारी जाऊन दोन निवडल्या, त्यांच्याच मायक्रोमीटरवर तीन तीनदा मोजल्या. परत येऊन बसवल्या, इंजिन हाताने चार फेरे फिरवून पुन्हा मोजलं. उजवीकडे ०.२७, डावीकडे ०.२८.

अंधार पडायच्या सुमारास इडलीपात्र रिकामं झालं. सेल्फ मारला. पहिल्याच फेरीला इंजिन सुरू झालं, आणि हेडमधून ती बारीक, समान अंतराची टिकटिक आली.

वहीत तारीख, मीटरवरचे किलोमीटर, त्यापुढे स्प्रॉकेटच्या त्या दीड वर्षाची दुरुस्ती धरून खरे किलोमीटर, आणि चारही फटी लिहिल्या. काढलेल्या दोन शिमा होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घातल्या. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: उजवी एक्झॉस्ट, १.७७५. मामांच्या डब्यातून दोन घेतल्या होत्या. सोमवारी या दोन तिथे नेऊन टाकायच्या होत्या. कुणाच्या तरी इंजिनाला याच मापाची लागेल.