आम्ही प्लांटचे

भिलाईतल्या जुन्या कामगाराची चौकशी केली, तर तो 'मी प्लांटमध्ये नोकरीला होतो' असं म्हणत नाही. 'आम्ही प्लांटचे' असं म्हणतो. या दोन वाक्यांत केवढं तरी अंतर आहे!

सोव्हिएत संघाच्या मदतीने उभारलेल्या या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भातशेतीच्या त्या मुलखात देशभरातून माणसं आली. विदर्भातली मराठी कुटुंबंही आली. त्यांच्यासाठी सेक्टर वसले, शाळा निघाल्या, सेक्टर नऊचं मोठं इस्पितळ झालं, मैत्री बाग फुलली. 'सामाजिक उत्तरदायित्व' हा जड शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असा कायदा अमलात आला तो २०१४ साली.

पण जिव्हाळा टक्क्यांत मोजता येत नाही. पोरं ज्याच्या शाळेत शिकली, घरातली बाळंतपणं ज्याच्या इस्पितळात झाली, तो कारखाना नुसता पगारापुरता राहत नाही. जवळच्या गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई याच कारखान्याच्या नोकरीत होत्या. त्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळालं, तेव्हा प्लांटच्या माणसाला घरच्याच कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं, तर नवल नाही.

मात्र या 'आम्ही'त कोण येतो आणि कोण बाहेर राहतो? ज्या दल्ली राजहराच्या खनिजावर भिलाईची भट्टी पेटली, तिथले कंत्राटी मजूर शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. १९८३ साली त्यांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभारलं. हातावर पोट असलेल्यांनी हे केलं! आपुलकीची भूक त्यांनाही होतीच. ती त्यांनी स्वतःच भागवली.

कोणत्याही कारखान्यातला कामगार बाहेरचं दान पाहतो, ते घरातल्या वागणुकीच्या डोळ्यांनी. शेजारी राबणाऱ्या कंत्राटी मजुराला वेळेवर मजुरी आणि डोक्यावर हेल्मेट मिळत असेल, तर गावातल्या आरोग्य शिबिराला तो सुट्टीच्या दिवशी आपणहून जातो. नसेल, तर शिबिराचा फलक पाहून नुसता हसतो. आणि ते हसू व्यवस्थापकाच्या अहवालात कधीच उमटत नाही.