‘रोजचाच रस्ता आहे हो!’

जून उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. पावसाची भीती नाही, बेळगावच्या पावसातच जन्म गेला. भीती वाटते ती पावसात गाड्या हाकणाऱ्या आमच्याच माणसांची.

गावातला प्रकार तसा सोसण्यासारखा. स्कूटरवर मागं बसलेली बाई छत्री उघडते, ती नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढं. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की दोन्हीकडची मंडळी अख्खा रस्ता अडवून कबड्डीच्या संघांसारखी समोरासमोर उभी राहतात, आणि गेट उघडलं की चिखलात कुणीच हलत नाही. चिडचिड होते, पण जीव जात नाही.

घाटात तसं नाही. आई दोन वर्षं साखळीला अक्काकडं असते. तिला भेटायला महिन्यातून दोनदा आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यानं उतरतो. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान. तिथल्या पावसाचं काय सांगायचं! त्याच्या पुढं धुक्याची पांढरी भिंत. अशा वेळी अप्पर लाइट लावला तर उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. खाली वळवलेला दिवाच कामाचा. पण समोरून येणारी दहातली आठ वाहनं अप्परवरच! काहीजण तर चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून पळतात. ती गाडी उभी आहे, चालली आहे की वळणार आहे, मागच्यानं ओळखायचं कसं? अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा नियम आहे. आमच्याकडं मात्र ज्याचा हॉर्न मोठा त्याची वाट.

गेल्या ऑगस्टमध्ये आईला ताप भरला म्हणून आम्ही निघालो होतो. वीसच्या वेगानं उतरत होते. मागची जीप सारखी हॉर्न देत होती, आणि ऐन वळणावर तिनं मला ओलांडलं. खालून टेम्पो आला. जीपवाल्यानं कट मारून माझ्यापुढं गाडी घातली. ब्रेक दाबला तशी गाडी थोडी घसरली आणि कठड्यापाशी थांबली. ह्यांनी माझा हात धरला, बोलले काही नाहीत.

खाली चहाच्या टपरीवर तीच जीप उभी. नंबर के.ए. २२, म्हणजे आमच्याच बेळगावचा. गोव्याला जाणारे पर्यटक धबधब्याचे फोटो काढायला मधेच थांबतात म्हणून आपण त्यांच्या नावानं बोटं मोडतो. हा तर घरचाच. ह्यांनी विचारलं तसा तो हसत म्हणाला, “काका, रोजचाच रस्ता आहे हो! डोळे मिटून चालवतो.”

पोरगं वाईट नव्हतं. आमच्यासाठीही चहा सांगत होतं. पण मला त्याचं हे वाक्यच जास्त झोंबलं. वळण त्याला पाठ असेल. वळणापलीकडं आज म्हैस आहे, पडलेलं झाड आहे की कुणाची आजारी आईकडं निघालेली लेक आहे, हे पाठ कसं असणार? परक्या गावचा निदान घाबरून हळू तरी चालवतो.

अक्काला यातलं काही सांगितलं नाही. आई मात्र उशीर का झाला म्हणून दोनदा विचारून गेली. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. सकाळी धुकं दाट असतं, म्हणून दहाच्या आत निघायचं नाही, एवढं मी ह्यांना बजावून ठेवलंय.