गिरडची लाइन

हिंगणघाटात पार्सल वाटपाची एजन्सी घेतली तेव्हा माझा हिशोब एका कागदावर मावत होता. पोहोचलेल्या पार्सलमागे कंपनी मला 22 रुपये देणार, पोराला मी 14 देणार, उरलेले 8 माझे. कापसाच्या दलालीत वाढलेला मी. भाव ठरला की धंदा ठरला, एवढंच ठाऊक.

शहरात ते जमलंही. तीसेक किलोमीटरमध्ये एक पोरगा 60 पार्सलं टाकून 840 रुपये कमवायचा. गिरडच्या लाइनला मात्र जाम, समुद्रपूर आणि आडगावं धरून 110 किलोमीटर व्हायचे, पार्सलं 25. दर तोच.

परत आलेल्या पार्सलाचं कंपनी काही देत नाही. तो भार मी पोरांवर टाकला, वर 10 रुपये दंड लावला. ग्राहकाचाच दोष असेल तर दंड माफ. शिस्त लागेल असं वाटलं होतं. पोळ्यानंतरच्या आठवड्यात मोबाइलवर पाहतो तर चार गावांतली 11 पार्सलं सहा मिनिटांत 'ग्राहकाचा फोन बंद' म्हणून नोंदलेली! त्या पोराला सगळ्यांसमोर चोर म्हणालो. तो शांतपणे बोलला, "एकडाव तुमीच जाऊन पाहा ना भाऊ त्या लाइनले. दिवसाचे सव्वाशे उरते मले. रोजानं फवाराले गेलो तं जास्त भेटते."

रागारागात दुसऱ्या दिवशी मीच निघालो. एका पांदणीत काळी माती चाकात अशी भरली की अर्धा तास काडीनं उकरत बसलो. कोणी वावरात, कोणाच्या फोनला रेंज नाही. एका काकांनी कुकरचा खोका हातात घेऊन उलटापालटा पाहिला नि परत दिला, "चुकारा आला का आणजा." कापूस अजून बोंडात होता. संध्याकाळपर्यंत 14 पार्सलं गेली. पेट्रोल 230 रुपयांचं, पहिल्यांदाच माझ्या खिशातून.

रात्री वही उघडली. पंचवीसच्या पंचवीस पार्सलं पोहोचली असं धरलं, तरी पोराचे 350 आणि पेट्रोलचे 230 मिळून 580. कंपनीचे येणार 550. म्हणजे ती लाइन पहिल्या दिवसापासून तोट्यात होती. माझ्या वहीत रोज दिसणारे 200 रुपये त्याच्या टाकीतून येत होते. टायर, चेन तर मी अजूनही धरत नव्हतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचे 1 ते 2 टक्के गिग कामगारांच्या निधीत घालायचे आहेत. चांगलंच आहे. पण त्या निधीतून गिरडचं पेट्रोल भरलं जात नाही; ते माझ्यासारख्यानंच द्यायचं असतं.

दंड बंद केला. कंपनीशी भांडून लाइन एक दिवसाआड केली. आता एका फेरीला 45 पार्सलं निघतात. 990 येतात, पोराचे 630 आणि पेट्रोल वेगळं. मला 130 उरतात, खोलीभाडं त्यातूनच. परतीची पार्सलं जास्त असली की तेही उरत नाहीत.

तो पोरगा थांबला नाही. दिवाळीआधी जिनिंगवर लागला. महिन्याला 24 फेऱ्या, सात महिने, असं त्याचं पेट्रोल मी नंतर मांडलं: 38,640 रुपये. त्यातले 20 हजार दिलेत. बाकी अजून द्यायचे आहेत.