किती व्होल्टचा?

बाबा गेल्यावर दीड वर्षाने मी त्यांचा रेडिओ उघडला. मर्फीचा, लाकडी पेटीतला, व्हॉल्व्हचा. साठच्या दशकात आबांनी तो आणला, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि घरी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. आबांनंतर तो बाबांनी सांभाळला. बाबा राइस मिलमध्ये वायरमन होते. दिवसभर मिलच्या मोटारी, रात्री हा रेडिओ.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पण आमच्या अभ्यासक्रमात व्हॉल्व्ह एका परिच्छेदात संपला होता.

रेडिओ बंद पडला ती गोष्ट मला आठवत होती. म्हणजे मला वाटत होतं की आठवते. सकाळची स्टँडअप मीटिंग चालू होती आणि बाबांचा फोन आला. "कामात आहेस का? एकच विचारतो. पॉइंट झिरो वनचा कंडेन्सर लावून राहिलो, चालन ना रे?" मी माइक म्यूट करून म्हटलं, "जुना तेवढाच होता ना? मग चालेल." तीन-चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज फाटका येतोय म्हणाले. मी म्हटलं, "सोडा ना बाबा, ब्लूटूथ स्पीकर पाठवतो." पाठवला. तो अजून खोक्यातच आहे.

या दिवाळीत घरी आलो आणि बाबांचाच सिरीज बल्बचा बोर्ड काढला. जुना सेट थेट वीजेला जोडायचा नसतो. मध्ये शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सेट वाचतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असतो, आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतो. "चालू सेटमध्ये मीटर लावताना एक हात खिशात," हे बाबांनी मला सातवीत शिकवलं होतं. तो एकच धडा मला पाठ होता.

बल्ब मंद पेटला. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापले. आवाज आला, पण फाटका, घशात घास अडकल्यासारखा. बल्ब हळूहळू उजळत गेला, आणि शेवटच्या व्हॉल्व्हच्या, ईएल ८४ च्या, आतला पत्रा कडेने लालसर दिसायला लागला. म्हणजे त्याच्यातून नको तेवढा करंट वाहत होता. त्याच्या ग्रिडवर शून्य व्होल्ट हवे होते, मीटर अकरा दाखवत होता.

बग शोधताना आम्ही एकेक गोष्ट बाजूला काढून बघतो. मी सेट बंद केला, ईएल ८४ उपसून काढला आणि क्षणभर चालू करून पुन्हा मोजलं. व्हॉल्व्ह नसतानाही ग्रिडच्या पिनवर व्होल्टेज होतंच. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता. त्याच्या आधी एक कंडेन्सर असतो. आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारं गाणं पुढे जाऊ द्यायचं आणि डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. हा डीसी अडवत नव्हता.

तो बाबांनी लावलेलाच कंडेन्सर होता. बारकी तपकिरी चकती. जुना मेणकागदाचा कंडेन्सर गळतो हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सोल्डरही बघितला. चकचकीत, गोल, एक नंबर.

चकती काढली, खिशात टाकली आणि बाजारातल्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो.

"काका, पॉइंट झिरो वनचा कंडेन्सर द्या."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती व्होल्टचा?"

मी चकती काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली. "हा पन्नासचा आहे. व्हॉल्व्हच्या सेटात काहून लावला? तिथं शंभराच्या वर असते. चारशेचा पाहिजे. हा घेऊन जा, सहाशे तीसचा."

आमच्याकडे एक कमांड असते, गिट ब्लेम. कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते ती दाखवते. त्या दुकानात उभं राहून मी तीच चालवत होतो. चकती लावली बाबांनी, पण लावण्याआधी त्यांनी विचारलं होतं. ज्याला चार वर्षं शिकवलं त्याला विचारलं होतं. काकांनी पहिल्याच वाक्यात जे विचारलं, ते विचारायला मला दोन सेकंद लागले असते.

संध्याकाळी नवा कंडेन्सर लावला. त्याच्या बाजूचा करपलेला रेझिस्टरही बदलला. ग्रिडवर शून्य. पत्रा काळाच राहिला. काटा फिरवत ५८५ वर आणला आणि नागपूर केंद्र लागलं, बातम्या चालू होत्या.

आई स्वयंपाकघरातून आली. बराच वेळ दारात उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांना वाटलं, आपला हातच आता थरथरते, सोल्डर नीट बसत नाही. म्हणून मग सामान बांधूनच ठेवलं."

"सोल्डर पक्का होता, आई," मी म्हटलं. "त्यांनी मला फोन केला होता. मी नीट ऐकलं नाही."

आई काही बोलली नाही. आत जाता जाता म्हणाली, "आवाज जरा कमी कर." हे ती रोज त्यांना म्हणायची.